निघून जाण्याचं काम

९ मार्च

लपण ठोकून आलो – पक्ष्यांचे फोटो काढायला आत लपून बसायचा तो कापडी खोपा. बाविसावं वर्ष! कापडाचा डावा कोपरा उंदरांनी खाल्ला होता. मातकट कापड शिल्लक नव्हतं, म्हणून गणवेशांतून उरलेली खाकी पट्टी लावली. हे म्हणाले, "पक्ष्यांना वाटेल, हजेरी घ्यायला कोणी आलंय." म्हटलं, "वाटू दे. निदान वेळेवर येतील."

मला काही लिहिण्याची सवय नाही. पण गणवेशांचं काम यंदापासून सोडलं आणि मापांची वही अर्धी कोरी राहिली. टाकवेना. छाती, कंबर, बाही असे रकाने आखलेले आहेत, त्यांच्यावरूनच लिहिते आहे. बाहीच्या रकान्यात लपण, कंबरेच्या रकान्यात हे!

१४ मार्च

सुरय आले. पहाटे बांधावर पोचायच्या आधीच आवाज ऐकू आला – ते चिरकं किर्र-किर्र. वाळूच्या दांड्यावर चाळीसेक असतील. पांढरे, हलके, डोक्यावर काळी टोपी. हे जागच्या जागी उभे. म्हणाले, "आले गं." दर वर्षी हेच दोन शब्द, आणि दर वर्षी आवाज असा की जसं काही ते येणारच नव्हते.

म्हणजे उद्यापासून माझी नोकरी सुरू. निघून जाण्याची.

ते असं. पक्ष्यांना मोजता येत नाही. एकटा माणूस लपणात शिरला तर तो कधी बाहेर येतो याची वाट बघत पक्षी लांबच बसतात. पण दोघं लपणापर्यंत गेले आणि एक जण उघड-उघड परत फिरला, की त्यांना वाटतं – गेली ब्याद. मग ते बिनघोर येऊन बसतात, अगदी दहा पावलांवर. हे सगळं मास्तरांनी शिकवलं. हे शाळेच्या प्रयोगशाळेत होते तेव्हा तिथे ड्रॉइंगला असायचे ते मास्तर. पहिला कॅमेरासुद्धा त्यांचाच जुना. मास्तर आता नाहीत. त्यांचा नियम आहे.

तर हे आत बसतात आणि मी जाते. बांधापर्यंत चारशे बारा पावलं. मागे वळून बघायचं नाही – पक्षी बिचकतात. बावीस वर्षं रोज सुरयांच्या हंगामात मी तिथपर्यंत जाते आणि एकही सुरय जवळून बघितलेला नाही. स्वयंपाक करून उपाशी परत यायचं, तसलं हे काम!

१५ मार्च

पाचचा गजर. या माणसाशी लग्न केलं तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं.

२३ मार्च

आज परत येताना विचारलं, "मिळाला का तो?" तो म्हणजे तो फोटो. अकरा वर्षं त्याच्या मागे आहेत. नर सुरय चोचीत मासा घेऊन येतो, मादीसमोर मान ताठ करून उभा राहतो, आणि ती मासा घेते. घेते त्या क्षणाला मासा दोघांच्याही चोचीत असतो. एक मासा, दोन चोची. तेवढंच हवंय. कधी मासा गेलेला असतो, कधी मादी पाठ फिरवते, कधी वाऱ्याने वाळू उडते. एकदा सगळं जुळून आलं, तर मधून खेकडा गेला आणि दोघंही उडाले. त्या दिवशी हे जेवले नव्हते.

आज म्हणाले, "बघू." आणि कॅमेरा सरळ कपाटात. पूर्वी चपला काढायच्या आधी मला सगळं दाखवायचे. "हे बघ, हे बघ!" मी कणीक मळत असले तरी. यंदा एकदाही दाखवलेलं नाही.

सलत असेल काहीतरी मनात.

१ एप्रिल

कपडे धुवायला काढले. ह्यांच्या चारही सदऱ्यांची वरची दोनच बटणं उघडी, खालची सगळी लावलेलीच. म्हणजे सदरा डोक्यावरून काढतात आणि डोक्यावरूनच घालतात. बनियनसारखा!

आयुष्य गेलं माझं काज-बटणांत. माणूस बटण का लावत नाही हे मला कळायला नको?

आळशीपणा म्हणून सोडून दिलं. मग दुपारी बघितलं, तर चहाचा कप अर्धाच भरून मागितला. "थोडाच दे. पुन्हा घेईन." पुन्हा घेतला. तोही अर्धाच.

५ एप्रिल

हे दुपारी झोपले आणि मी कॉम्प्युटर लावला. चोरासारखं वाटलं. पण चाळीस वर्षांच्या संसारात एवढी चोरी चालते.

यंदाचे फोटो उघडले. सगळे हललेले. सुरय म्हणजे नुसती पांढरी धांदल! शंभर, दोनशे, तीनशे – एक धड नाही. मला वाटलं, कॅमेऱ्यात बिघाड.

मग एक गोष्ट दिसली. रोजच्या फोटोंत पहिला फोटो पक्ष्यांचा नाही. माझा आहे! पाठमोरी. करडा स्वेटर, डोक्याला रुमाल, वाळूवरून बांधाकडे चाललेली. रोज. मागची वर्षं उघडली – त्यातही. प्रत्येक दिवसाचा पहिला फोटो माझी पाठ. मला कधी कुणी सांगितलं नव्हतं की मी डावा खांदा असा पाडून चालते.

किती वेळ बघत बसले कोण जाणे. तीन वर्षांपूर्वीच्या पाठीवर स्वेटरची वीणसुद्धा मोजता येते. गेल्या वर्षी मेच्या शेवटी कडा जरा मऊ झाल्या आहेत. यंदा मार्चमध्ये मी म्हणजे करड्या धुराचा एक उभा पट्टा.

कॅमेऱ्यात बिघाड नाही. हात कापतोय ह्यांचा. वर्षभर! आणि मी शेजारी बसून मोज्यांना रफू करतेय.

६ एप्रिल

बोलले नाही. सकाळी त्यांच्याआधी उठून सदऱ्याची बटणं मीच लावून दिली. दोघंही खाली बघत होतो.

८ एप्रिल

आज बोलले. बांधावर बसून, अकरा वाजता, पक्षी मासे धरायला लांब गेले होते तेव्हा. म्हटलं, "अहो, फोटो बघितले मी."

ह्यांनी चपलेतली वाळू झटकली. मग म्हणाले, "सगळे?"

"पहिलेसुद्धा."

तर कानापर्यंत लाल! पासष्टीचा माणूस. "ते उजेड मोजायला असतात," म्हणाले. "पहिला एक घ्यावाच लागतो. कशाचाही."

"कशाचाही?" मी म्हटलं.

"चालत्या वस्तूचा."

मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. हसता हसता रडले, म्हणजे त्यांना कळेना कोणता रुमाल द्यावा. मग त्यांनी हात पुढे केला. उजवा. मांडीवर ठेवला तर शांत, उचलला की थरथर. म्हणाले, "तुला सांगितलं असतं तर तू मला लपणात जाऊ दिलं नसतंस."

"दोन बायका आहेत का तुम्हाला, एक जाऊ न देणारी? मीच तर रोज सोडायला येते!"

काय बोलले ते माझं मलाच कळलं नाही. पण त्यांना कळलं असावं. हात माझ्या हातात देऊन बसले. धरला की थांबतो. म्हणजे जवळजवळ थांबतो.

१२ एप्रिल

डॉक्टरीणबाई चांगली आहे. उगाच धीर दिला नाही, घाबरवलंही नाही. ह्यांना कागदावर गोल गोल वेटोळं काढायला लावलं. हे शाळेतल्या मुलासारखे जीभ बाहेर काढून काढत होते. वेटोळं दातेरी आलं. हाताला कंप सुटण्याचा आजार, म्हणाली, कंपवात नव्हे. गोळ्यांनी ताब्यात राहील, पण हात पूर्वीसारखा होईल असं मी म्हणणार नाही. "छंद काय?" हे म्हणाले, "पक्ष्यांचे फोटो." ती म्हणाली, "पक्षी बघणं सोडू नका." फोटोंचं काही बोलली नाही.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "यंदाचं वर्ष. यंदा मिळाला तर मिळाला. नाहीतर कॅमेरा मुलीकडे देऊन टाकू."

मला त्या माशाचा राग आला. एवढासा मासा आणि अकरा वर्षं!

१३ एप्रिल

लेकीला फोनवर सांगितलं. आधी रडली, मग शिव्या दिल्या – लवकर का नाही सांगितलं म्हणून. मग लगेच मुद्द्यावर. माझीच मुलगी! "आई, कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर ठेवा ना." तिला म्हटलं, तिकाटणं आहेच गं. पण सुरय काही एका जागी बसून मासा देत नाहीत. कुठली जोडी कुठे उतरेल नेम नाही, लेन्स सारखी फिरवावी लागते. आणि त्या लेन्सला बोट लागलं तरी ती डुलते, पहाटेच्या कमी उजेडात तर विचारूच नका. "तुला एवढं कसं माहीत?" म्हणाली. बावीस वर्षं ऐकतेय, म्हटलं. कान दिले होते, डोळे दिले नव्हते.

१७ एप्रिल

जाड कापडाची पिशवी शिवली. आत कोरडी वाळू, तीन किलो. मधोमध लेन्सच्या मापाची खोबण. टेकवली की लेन्स कशी बाळासारखी निजते. हे पिशवी हातात घेऊन म्हणाले, "दुहेरी शिवण?" म्हटलं, तुमच्यासाठी एकेरी कधी घातलीय?

२० एप्रिल

पिशवीने काही होत नाही. लेन्स स्थिर, पण बटण दाबताना बोट असं आपटतं की सगळं हलतं. आज तो क्षण आला होता म्हणे. अगदी समोर. मासा दोघांच्या चोचीत, उजेड मागून, वारा पडलेला. दाबलं. घरी येऊन बघितलं – धुरळा.

हे लेन्सचं झाकण लावायला गेले, तर तेही दोनदा पडलं. मी उचलून दिलं नाही. उचलून दिलं असतं तर लागलं असतं त्यांना.

२१ एप्रिल

गेलो नाही. गजर झाला, मी उठले. हे भिंतीकडे तोंड करून पडून होते. "आज भरती जोराची आहे," म्हणाले. नव्हती.

२२ एप्रिल

गेलो नाही.

२३ एप्रिल

पाच वाजता आपोआप जाग येते मला. मेली सवय! उठून करणार काय? सुई ओवून बसले. दिव्याखाली, चष्म्याशिवाय, पहिल्या फटक्यात ओवली. आणि तशीच सुई हातात धरून बसले. माझा हात हलत नाही!

हे उठल्यावर म्हटलं, "उद्या मी आत बसते. तुम्ही निघून जा."

"तुला कॅमेऱ्यातलं काय कळतं?"

"तुम्हाला शिवणातलं काय कळतं? तरी बावीस वर्षं माझ्या शिवलेल्या कापडात बसताच ना?"

संध्याकाळभर शिकवणी. इथे बघ, हे फिरव, हे अर्धं दाब, मग पूर्ण. मी बागेतल्या बादलीचे साठ फोटो काढले. एकही हललेला नाही. हे प्रत्येक फोटो मोठा करून बघत होते. शेवटी म्हणाले, "बादली उत्तम आहे." आणि उठून बाहेर गेले. त्यांना किती जड गेलं असेल. मी लगेच मागे गेले नाही.

२४ एप्रिल

फजिती!

लपणात बसले. आत उकडतं, कॅनव्हासचा वास येतो, आणि स्टूल इतकं बुटकं की गुडघे हनुवटीला. या माणसाने बावीस वर्षं तक्रार केली नाही! हे परत निघाले. मी फटीतून बघतेय. वीस पावलं गेले आणि – वळून बघितलं. मी आत दात-ओठ खातेय. पुन्हा वीस पावलं, पुन्हा वळले. मग उभेच राहिले! वाळूच्या मधोमध, खांबासारखे. सगळे सुरय हवेत. किर्र-किर्र-किर्र. पाऊण तास एकही खाली आला नाही.

घरी येताना विचारलं, "काय बघत होतात?"

"तू बरी आहेस ना ते."

"मला काय धाड भरलीय? स्टुलावर बसलेय!"

काही वेळाने म्हणाले, "तू कशी जात होतीस गं, एकदाही न वळता?"

म्हटलं, "भाजी करपेल म्हणून." पण खरं ते नाही. खरं म्हणजे पहिली काही वर्षं रागाने जात होते. पाय आपटत. नंतर राग कधी गेला कळलं नाही, आणि त्या चारशे बारा पावलांत गुणगुणत जायला लागले. ते कुणाला ऐकू येत नाही, तेवढी एकच जागा आहे माझी. हे त्यांना सांगितलं नाही. वहीला सांगितलं.

२६ एप्रिल

आज हे न वळता गेले. पाठ अशी ताठ, की कुणी मागे बंदूक धरलीय!

आणि ते आले. मला काय लिहावं सुचत नाही. दहा पावलांवर. एवढे लहान असतात! पिवळी चोच, टोकाला काळी, शाईत बुडवल्यासारखी. नर आला, चोचीत चांदीचा मासा वळवळतोय. तिच्यासमोर उभा. ती दुसरीकडे बघतेय. त्याने मान ताणली. ती अजून दुसरीकडेच. तो तिच्याभोवती चालत फिरला. एवढ्याशा पायांनी, घाईघाईने. मग तिने मान वळवली आणि मासा घेतला.

मी बटण दाबायला विसरले.

घरी सांगितलं तर हे इतके हसले की खोकला लागला. वर्षभरात असं हसलेले नव्हते. "विसरलीस? अगं, विसरलीस?" मग म्हणाले, "मीही पहिल्यांदा विसरलो होतो."

३० एप्रिल

चार दिवसांत दोनदा तो क्षण आला. एकदा मी घाईने दाबलं, मासा अजून त्याच्याचकडे. आज इतक्या उशिरा, की ती गिळून मोकळी, आणि वर दोघांची डोकी फोटोबाहेर! गळ्याचं माप चुकल्यासारखं. फोटो मात्र काचेसारखा स्वच्छ. पिसं मोजून घ्यावीत.

हे म्हणाले, "ती मान खाली करते बघ, त्याच्या अर्ध्या सेकंदानंतर घेते. तेव्हा." मी म्हटलं, मला नाही कळत ते तेव्हा. तुमची अकरा वर्षं माझ्या बोटात कशी येणार?

वेळ त्यांची, हात माझा. दोन्ही एका जागी हवेत.

३ मे

काही माद्या अंड्यांवर बसल्या. अजून आठवडाभर हा मासा-बिसा चालेल, मग आपण लांब राहायचं, लपण काढून घ्यायचं. तोही मास्तरांचाच नियम आणि त्यात हे काडीचाही फरक करत नाहीत.

ठरलं – दोघांनी आत बसायचं. मी डोळा लावणार, हे मागून फटीतून बघून सांगणार, "आता." पण मग निघून कोण जाणार? तिसरं माणूस हवं. शेजारच्या जाळी विणणाऱ्याला विचारलं. म्हणाला, "म्हणजे नुसतं तुमच्याबरोबर यायचं आणि परत जायचं? कामच काय मग?" मी म्हटलं, "करून बघा. वाटतं तेवढं सोपं नाही."

लपण एका बाजूने उसवून वीतभर वाढवलं. खाकी पट्टीच पुरवली. आता दोघं मावतील, श्वास जरा जपून घेतला तर.

५ मे

जाळीवाल्याची कंबर धरली. अगदी आजच! त्याच्या बायकोने दारातूनच सांगितलं. दुसरं कुणी एवढ्या पहाटे येईना. हे म्हणाले, "उद्या असंच जाऊन बसू. पक्षी येणार नाहीत, पण एकदा दोघं बसू."

६ मे

दोघंही आत बसलो. कुणीच निघून गेलं नाही. सतरा मिनिटांत सगळे सुरय आले. आपणहून, बिनघोर, दहा पावलांवर. हे माझ्या कानाशी "आता" म्हणाले, मी दाबलं. एक मासा, दोन चोची. मिळाला!

पण मी त्या फोटोकडे बघतच नव्हते. म्हटलं, "अहो, कुणी गेलं नाही तरी हे येतात?"

हे लेन्सचं झाकण चाचपायला लागले. मग म्हणाले, "दुसऱ्या वर्षी तू माहेरी होतीस, तेव्हा एकदा मी एकटा येऊन बसलो होतो. आले होते."

"आणि मला वीस वर्षं सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं, तर तू झोपून राहिली असतीस."

राहिलेच असते.